दुपट्ट्याखाली चौतीस इंच

सुखराममामांना सोबत घेतल्याशिवाय दुर्गेश्वरीच्या घरात बकरीपेक्षा मोठी वस्तू विकत घ्यायची नाही, असा नियम होता. तो कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा मामांनीच केला असावा. बैलजोड्या त्यांनी पसंत केल्या, ट्रॅक्टर त्यांनी पसंत केला, मोठ्या भाचीचा नवराही त्यांनीच पसंत केला. बैल चांगले निघाले. बाकीच्या दोघांबद्दल घरात कोणी बोलत नाही.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, मोसमात मामांना दोन तालुक्यांतून बोलावणी येत. पटावर पळणारा बैल ते नुसता चालताना पाहून ओळखतात, असा लौकिक होता. त्यामुळे गेम खेळायला रुंद, वाकडी स्क्रीन घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळे पैसे आपोआप मामांच्या बंडीच्या आतल्या खिशात गेले. ज्याच्या खिशात पैसे तो जाणकार, हा दुसरा नियम.

"पैसे मोजून वाकडी वस्तू कायले घ्याची?" अर्जुनीहून गोंदियाला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मामांनी विचारलं. "सरळ नाई भेटत का?"

"सरळ भेटते मामाजी. पण एवढी रुंद सरळ घेतली तं कडा दूर जाते. वाकडी असली म्हंजे दोन्ही कडा डोळ्यापाशी येते."

"बैलाच्या शिंगावानी."

"हो, तसंच समजा."

दुर्गेश्वरी तेवीस वर्षांची, बी. कॉम. झालेली, आणि कंप्युटरवर मोटारी पळवणारी. पळवणारी म्हणजे वेळ घालवणारी नव्हे. देशभरातली पोरं जिथे एकमेकांविरुद्ध गाड्या पळवतात अशा एका ऑनलाइन लीगमध्ये ती वर्षभर टिकून होती. त्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाचला, मोसमाची शेवटची शर्यत होती. तिच्यात पहिल्या दहात आलेल्यांना पुण्याची एक टीम चाचणीला घेणार होती, आणि चाचणीत निभावलं तर महिन्याचा पगार. पण लीगचा नियम असा की मोसमात तीनदा कोणाला बाजूने धडक दिली की नाव कायमचं बाद. दुर्गेश्वरीच्या नावावर दोन धडका जमा होत्या.

दोन्ही धडकांना तिची स्क्रीन कारण होती. बंद पडलेल्या एका पतसंस्थेच्या लिलावातून आणलेला तो चौकोनी मॉनिटर. त्यावर कर्जाचे हप्ते व्यवस्थित दिसले असतील. शेजारून येणारी मोटार दिसत नसे. शेजारी कोणी आहे हे दुर्गेश्वरीला धडक बसल्यावर कळायचं.

तिचे वडील हिरालाल यांनी एवढंच सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत पाहू. नाई जमलं तं सोमवारी मिलवाल्याले हो म्हण." तिरोड्याकडच्या एका राइस मिलमध्ये हिशेबाची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. जागा चांगली होती. पंखा होता, खिडकी नव्हती. दुर्गेश्वरी एकदा पाहून आली होती आणि त्यानंतर आठवडाभर कमी जेवली होती.

तिने आपला सीपीयू वाकळीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. तीन महिने तिने इंटरनेटवर मॉनिटरबद्दल मिळेल ते वाचलं होतं आणि शेवटी कोणावरच विश्वास ठेवायचा नाही, आपल्या मशीनला जोडून पाहायचं, असं ठरवलं होतं. स्टीअरिंग आणि पायाखालचे पेडल पोत्यात होते, ते हिरालालांकडे. डब्यात सगळे त्या वाकळीकडे बघत होते. एका बाईने बाळ समजून सरकून जागा दिली. मग वाकळीतून वायर लोंबताना पाहिली आणि जागा परत घेतली.

"मामाजी, आपल्याले तीस इंची घ्याची आहे," दुर्गेश्वरी पुन्हा एकदा म्हणाली. "चौतीस इंचीत चित्राचे ठिपके जवळपास दुप्पट राहते. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, तेवढे ठिपके ओढत नाई."

ओढणे हा शब्द मामांच्या कामाचा होता. त्यांनी मान डोलावली. "समजलं बाई. जेवढी गाडी, तेवढा बैल." त्यांना खरोखर समजलं होतं. समजणं आणि तसं वागणं ही दोन वेगळी खाती आहेत, एवढंच.

*

दुकान बाजाराच्या रस्त्यावर, मोठ्या काचेचं. मालक रिंकूसेठ चाळिशीचे, हसतमुख, आणि गिऱ्हाइकाच्या चपला पाहून भाषा ठरवणारे. त्यांचे वडील पूर्वी बैलबाजारात सरकीची ढेप विकायचे. ही माहिती दुर्गेश्वरीला नव्हती, नाहीतर तिने मामांना बाहेर रसवंतीवरच बसवलं असतं.

काचेपाशी तीस इंची वाकडी स्क्रीन नमुन्यादाखल लावलेली होती. तिच्यावर रंगीत मासे फिरत होते. रिंकूसेठच्या परवानगीने दुर्गेश्वरी टेबलाखाली शिरली, सीपीयू जोडला, स्टीअरिंग काउंटरला आवळलं आणि सरावाचा एक फेरा मारला.

मासे गेले, रस्ता आला. नुसता समोरचा नाही, दोन्ही बाजूंचाही. डाव्या काठाशी दुसऱ्या गाडीचं नाक दिसलं. वर्षभर ती खिडकीच्या फटीतून शर्यत पळत होती. चित्र कुठे अडखळत नव्हतं. वळणाआधी ब्रेक दाबायला सांगणाऱ्या पाट्या लांबून वाचता येत होत्या. हीच.

ती सांगायला उठली, तेव्हा मामा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांच्या समोर चौतीस इंची. मागून लाल दिव्यांची पट्टी लुकलुकत होती. मामांचा आणि रिंकूसेठचा उजवा हात मामांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली होता.

दुपट्ट्याखाली काय चालतं हे या भागात पोरासोरांनाही ठाऊक असतं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत; कापडाखाली बोटं धरून बोलतात, म्हणजे शेजारच्याला कळू नये. शेवटी पूर्ण पंजा दाबला की सौदा झाला. मग त्यातून फिरता येत नाही. फिरणाऱ्याला पुढच्या बाजारात बैलाची शेपटीसुद्धा कोणी दाखवत नाही.

"मामाजी!" दुर्गेश्वरी ओरडली.

दुपट्ट्याखाली पंजा दाबला गेला. रिंकूसेठनी दुसऱ्या हाताने मामांनी दिलेला पाच हजार रुपयांचा इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, गल्ल्यात टाकलासुद्धा. इतक्या वर्षांनी आपल्याला हा खेळ पुन्हा कोणी खेळायला बोलावलं, याचं त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. शिवाय ती चौतीस इंची दोन दिवाळ्या दुकानात पडून होती.

"चोवीसचा वीसवर आणला!" मामा घामाघूम आणि प्रसन्न. "पाह्य भाऊजी, काय जनावर आहे! मांगून दिवे निंगते!"

हिरालालांनी दिव्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी पांढरी पडली होती.

"हा नाई पाहिजे मामाजी. मी गाडीत सांगितलं ना."

"अवं, त्या तिसापेक्षा हा मोठा. मोठा घेतला तं दोन वर्षं पुरते. अन् गावात उतरवताना लोक पाहून राह्यतीन ना!"

"माझं कार्ड ओढत नाई!"

"ओढंन हळूहळू. कोऱ्या बैलाले बी सवय लागता लागता लागते."

दुर्गेश्वरी रिंकूसेठकडे वळली. "भैया, ये कॅन्सल कीजिए. हमें तीस इंचवाला चाहिए, अठरा हजारवाला."

"बेटा, बिलकुल दे दूँगा," रिंकूसेठ म्हणाले. "लेकिन जबान हो गई है. ये हो गया बीस में. वो भी चाहिए तो अठरा और."

"कागज कुठं आहे? बिल कुठं आहे?"

"बिल की बात नहीं है. मामाजी से पूछो."

कोणी काही विचारायच्या आधीच मामांनी मान खाली घातली होती. "हात देला बाई. हात देल्यावर नाई म्हटलं तं पटावर मले कोण उभं करंन? हा सेठ बैलबाजारातला निंगाला. चार लोकांले सांगंन."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते. परतीची गाडी निघायला फार वेळ नव्हता, आणि ती चुकली तर घरी पाचच्या आत पोचणं अशक्य. चौतीस इंची घेऊन गेलं तर पोचता येणार होतं. पोचून काय करायचं, एवढाच प्रश्न होता. अडखळणाऱ्या चित्रावर शर्यत म्हणजे तिसरी धडक. तिसरी धडक म्हणजे सोमवार.

"उचला," हिरालाल हळूच म्हणाले. त्यांनी वीस वर्षांत मेहुण्याचा शब्द मोडला नव्हता. "गाडीची वेळ झाली."

"थांबा बाबूजी." दुर्गेश्वरी मामांसमोर जाऊन उभी राहिली. "मामाजी, जुपून पाहिलं का?"

"का?"

"बैल घेताना तुमी हात देता, इसार देता. पण जुपून पाहिल्याबिगर दावं हातात घेता का? गाडीले जुपला अन् बसला तं?"

लाल दिव्यांच्या नादात मामा नेमकं हेच विसरले होते. पटावरच्या माणसाने बैल न जुंपता सौदा केला, ही गोष्ट हात मागे घेण्यापेक्षाही वाईट होती, आणि ती भाचीने दुकानात सगळ्यांसमोर सांगितली होती.

"बराबर," ते कसेबसे म्हणाले. "सेठ, जुपून पाह्याचा हक आहे."

रिंकूसेठनी खांदे उडवले. "जोड़ लो. चीज में खराबी निकली तो इसार वापस. मेरे बाप का भी यही कायदा था."

*

केबल बदलायला, चित्र यायला जो वेळ गेला तेवढ्यात दोनदा स्टेशनाकडून भोंगा ऐकू आला. हिरालालांनी दोन्ही वेळा दाराकडे पाहिलं.

चौतीस इंची पेटली, आणि सगळे जरा मागे सरले. खरोखर देखणी होती. रस्ता भिंतीएवढा झाला. मामांचा चेहरा उजळला. "पाह्य! चालून तं राहिली!"

दुर्गेश्वरीने गाडी पळवली. सरळ रस्त्यावर बरं वाटलं. वळण आलं, चार गाड्या एकत्र आल्या, आणि चित्र ठेचकाळलं. पुन्हा सरळ, पुन्हा वळण, पुन्हा ठेच.

"ठिपके कमी कर दो ना," रिंकूसेठ म्हणाले. "सेटिंग में होता है."

तिने केले. चित्र पळू लागलं, पण धुरकटलं. ब्रेकच्या पाट्या दुधात बुडाल्यासारख्या झाल्या. तिने ठिपके पूर्ववत केले.

"मले तं काई दिसून नाई राहिलं," मामा म्हणाले. "चांगली तं आहे."

"तुमी बसा."

"मी?"

"बैल तुमी पसंत केला. हाका."

मामा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. दुपट्टा खांद्यावर नीट केला, स्टीअरिंग दोन्ही हातांनी कासऱ्यासारखं धरलं. पहिल्या वळणावर त्यांनी डावीकडे वळवलं. गाडी सरळ गेली, थोडी थांबली, मग डावीकडे वळली आणि भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी वळायच्या आधीच वळवून पाहिलं. तरी आपटली.

मामांनी हात काढून घेतले.

"हाकलल्यावर हा इचार करते," ते म्हणाले. "इचार करणारा बैल पटावर चालत नाई. सेठ, इसार वापस."

"काहे का वापस?" रिंकूसेठचा आवाज अजूनही गोडच होता. "बैल में कोई खराबी नहीं है मामाजी. गाड़ी आपकी खटारा है. नई मशीन लगाओ, हवा जैसा दौड़ेगा. खराबी बैल में हो तो वापस. गाड़ी में हो तो? आप ही बोलो. मैं आपका ही फैसला मान लूँगा."

असा प्रश्न मामांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. असे प्रश्न तेच विचारत आले होते. ते खोटं बोलू शकले असते. हिरालाल डोळ्यांनी त्यांना तेच सांगत होते. मामांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"गाडीत असंन तं इसार डुबते," ते म्हणाले.

सौदा मोडला, अब्रू राहिली, पाच हजार गेले. खिशात पंधरा उरले, आणि तीस इंचीचे अठरा. बाहेर परतीची पॅसेंजर निघून गेल्याचा भोंगा ऐकू आला. आता घरचा चौकोनी डबाही हाताबाहेर गेला.

"चुकलं बाई," मामा म्हणाले. ते एवढ्या हळू बोलले की कोणालाही ते मामांचं वाक्य वाटलं नाही.

दुर्गेश्वरी काचेपाशी गेली. तिथे पुन्हा मासे फिरत होते.

"सेठजी," ती म्हणाली. "पाच हजार तुमचे झाले. मान्य. माल तुमच्याकडेच राहिला, तोही मान्य. म्हणजे तुमी पाच हजार कशाचे घेतले?"

"जबान के."

"जबानीचे पाच हजार. मग आणखी एक जबान द्या. पाच वाजता ही नमुन्याची स्क्रीन मला शर्यत संपेपर्यंत पाहिजे. इथंच, काचेपाशी. तुमचं इंटरनेट."

"दुकान है बेटा, गेमपार्लर नहीं."

"शनिवार आहे. बाजार भरलेला आहे. तुमचे मासे पाहायला आत्ता किती लोक उभे आहे?"

रिंकूसेठनी काचेबाहेर पाहिलं. एक गाय उभी होती, ती दुकानाकडे पाठ करून.

"एक घंटा," ते म्हणाले.

*

पाचला पाच मिनिटं असताना कळलं की पेडल फरशीवरून सरकतात. घरी खाली माती होती, तिथे ते रुतून बसत. इथे गुळगुळीत टाइल. ब्रेक दाबला की पेडल पुढे पळायचे आणि पाय हवेत राहायचा. दुर्गेश्वरीने पोतं खाली टाकून पाहिलं, ते पोत्यासकट सरकले. पडद्यावर गाड्या रांगेत लागल्या होत्या. ती सोळावी.

हिरालाल टेबलाखाली शिरले. फरशीवर बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि पेडलची पेटी दोन्ही हातांनी धरली. "दाब," ते म्हणाले.

तिने दाबला. सरकला नाही.

"मामाजी, तुमी एक शब्द बोलायचा नाई."

मामांनी दुपट्ट्याचं टोक दातात धरलं.

शर्यत सुटली. पहिल्या वळणावर तिघं एकमेकांत अडकले. दुर्गेश्वरी बाहेरून गेली आणि तेरावी झाली. मग बारावी. काचेबाहेर दोन माणसं थांबली, मग सहा, मग मोजता येईनात. त्यांतल्या कोणाला ही लीग कसली हे माहीत नव्हतं, पण एक पोरगी दात आवळून काहीतरी करते आहे आणि एक म्हातारा तिच्या पायाशी बसला आहे, हे दृश्य गोंदियाच्या बाजारात रोज मिळत नाही.

टेबलाखाली हिरालालांना काहीच दिसत नव्हतं. त्यांना फक्त पायाचा दाब कळत होता. जोरात ब्रेक आला की त्यांची पाठ भिंतीवर आदळायची, आणि ते पेटी अजून घट्ट धरायचे.

शेवटच्या फेरीत ती अकरावी होती. पुढची गाडी वळणात रुंद गेली. आत जागा झाली. दुर्गेश्वरीने नाक घातलं आणि त्याच क्षणी डाव्या काठावर, जिथे स्क्रीन वाकून डोळ्याजवळ येते तिथे, तिसऱ्या गाडीचं पुढचं चाक दिसलं.

उजवीकडे एक, डावीकडे एक. डावीकडे ढळली तर तिसरी धडक. ब्रेक दाबून मागे आली तर अकरावी, म्हणजे मिल. जुन्या स्क्रीनवर तिला डावीकडचा दिसलाच नसता, आणि दोन्हींपैकी काय झालं हे नंतर कळलं असतं. आता दिसत होता. मधली फटही दिसत होती. वीतभर होती.

तिने ब्रेक दाबला नाही. हात हलवला नाही. टेबलाखाली हिरालाल दाबाची वाट पाहत पेटीला चिकटून बसले होते, आणि दाब आला नाही. त्यांनी डोळे मिटले.

चाक काठावर तसंच राहिलं. वळण संपेना. मग चाक हळूहळू मागे सरकलं आणि काठावरून नाहीसं झालं. उजवीकडची गाडीही मागे पडली.

तिने दहावी येऊन रेषा ओलांडली. अकरावा तिच्या मागे गाडीभर अंतरावर होता. पडद्यावर तिच्या नावापुढे धडकांचा आकडा आला: दोन. तो दोनच राहिला होता. तरी ती स्टीअरिंग सोडीना.

"झालं का?" टेबलाखालून हिरालालांनी विचारलं.

"झालं बाबूजी."

"चांगलं का वाईट?"

"दहावी."

हिरालालांना बाहेर निघायला वेळ लागला, पायाला मुंग्या आल्या होत्या. ते काउंटरला धरून उभे राहिले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. काचेबाहेर कोणीतरी शिट्टी मारली. मोबाइलवर निरोप आला: पुण्याच्या टीमची चाचणी बुधवारी, संध्याकाळी चारला.

बुधवार चार दिवसांवर, आणि स्क्रीन अजून नव्हतीच.

रिंकूसेठ काचेपाशी उभे होते. गर्दीतले दोघे आत येऊन तीस इंचीचा भाव विचारत होते. त्यांनी दुर्गेश्वरीकडे पाहिलं. ती केबल काढायला लागली होती, पण फार सावकाश.

"बुधवार को आ जाना," ते म्हणाले. "इसी टेबल पे. भाड़ा नहीं लूँगा."

"पुढच्या शनिवारी बी?"

"देखेंगे. पहले बुधवार." त्यांनी आवाज खाली आणला. "लेकिन मामाजी को घर पे रखना."

मामांनी ते ऐकलं. दुपट्ट्याचं टोक अजून त्यांच्या दातात होतं. ते काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी वाकून सीपीयू उचलला, वाकळीत गुंडाळला आणि छातीशी धरला.

"मामाजी येतीन," दुर्गेश्वरी म्हणाली. "पेडल धरायला दोन माणसं लागते."